दादा गेला

"मी शब्द म्हणेन, तो तुम्ही परत म्हणायचा. नीट ऐकू आला नाही तरी जो वाटला तो म्हणा. लाजायचं नाही."

हे ती रोज इतक्या वेळा म्हणायची की झोपेतही म्हणाली असती. कानाच्या दवाखान्यातली तपासणीची खोली तिच्या ताब्यात होती. काचेच्या अलीकडे ती, तिची बटणं आणि माईक. पलीकडे कपाटाएवढी, जाड भिंतींची, बाहेरचा आवाज न शिरणारी खोली आणि तिथे हेडफोन घालून बसलेला कोणी ना कोणी. आजचा माणूस त्या खोलीच्या मानानं जरा जास्तच लांब होता. गुडघे समोरच्या भिंतीला टेकत होते, आणि शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात गेलं होतं. समुद्राचा तळ मोजणाऱ्या जहाजावरचा इंजिनिअर, असं त्याच्या कागदावर लिहिलं होतं. जहाजावरून उतरलं की कान तपासून घ्यायचे, असा त्यांच्या कंपनीचा नियम होता.

आल्यापासून त्यानं नुसती मान हलवली होती. शिट्ट्या ऐकायच्या तपासणीत बटण दाबायचं असतं, तेही त्यानं गुपचूप दाबलं. आता शब्दांची पाळी. ओठ दिसू नयेत म्हणून तिनं तोंडासमोर कार्ड धरलं.

"आगगाडी," ती म्हणाली.

"आगगाडी."

तिच्या हातातलं कार्ड जागच्या जागी थबकलं.

"घर… घरदार."

"घरदार."

शेवटचा 'र' त्यानं जरासा लांबवला, दार लावायचं जिवावर आलेल्या माणसासारखा. तो 'र' तिला पाठ होता. बसमध्ये, कपड्यांच्या घड्या घालताना, कंटाळवाण्या रविवारी तिनं तो शेकडो वेळा ऐकला होता. आणि ज्याचा तो 'र' होता तो माणूस सहा महिन्यांपूर्वी वारला होता.

तिनं त्याच्यासाठी रडून घेतलं होतं. ताप आल्याचं सांगून दोन दिवस रजा काढली होती. आणि आता तो काचेपलीकडे बसून पुढच्या शब्दाची वाट बघत होता.

"मॅडम? पुढचा?"

उरलेले शब्द तिनं कसे म्हटले तिचं तिलाच ठाऊक. शेवटी ती उठली, जड दार ओढून उघडलं. तिथे त्याच्या अंगाला डिझेलचा आणि साबणाचा असा मिसळून वास येत होता. भुताला वास कशाला येईल? पण तिच्या तोंडून निघायचं ते निघून गेलंच —

"तुम्ही… जिवंत आहात?"

त्यानं हेडफोन काढले. तिच्याकडे बघितलं. मग गंभीरपणे म्हणाला, "कानाच्या तपासणीत हेही बघतात वाटतं?"

"म्हणजे… नस. कानाची नस. ती जिवंत आहे का, ते…"

"आहे ना?"

"आहे," ती म्हणाली आणि तिचा आवाज चिरकला. "चांगली धडधाकट आहे."

तो हसला. हसताना डावीकडचा एक दात दुसऱ्यावर चढलेला दिसत होता. हा दात तिला माहीत नव्हता. तिला त्याचा फक्त आवाज माहीत होता.

कागदावरचा आलेख तिनं त्याच्यासमोर ठेवला, कारण हातांना काहीतरी काम हवं होतं. डावा कान उत्तम. उजव्यात मात्र बारीक, उंच आवाजांकडे रेघ खाली घसरलेली. "जहाजावरून कधी उतरलात?"

"काल."

"मग कान थकलेत. आज त्यांना विश्रांती द्या, उद्या सकाळी परत या. तेव्हा खरं काय ते कळेल. आज गोंगाटात जायचं नाही, हेडफोन लावायचे नाहीत."

त्याचा चेहरा पडला. "हेडफोनसुद्धा? अहो, आजच तर… आमचा एक कट्टा आहे नेटवर. सहा महिन्यांनी आज जाणार होतो तिथे. मी गाणी करतो." तो घुटमळला. "गणितावर. रॅप. हसा, हसा. सगळेच हसतात."

तिला हसू येत नव्हतं. तिला घाम येत होता.

"वाचायला तर हरकत नाही ना?" त्यानं विचारलं.

"वाचू पण नका!"

"कानाचा आणि वाचण्याचा काय संबंध?"

"ताण येतो," ती म्हणाली.

तो गेला. दारात वळून एकदा बघितलं त्यानं, कान तपासायला गेल्यावर आपल्याला बघून कोणी पांढरंफटक का पडावं याचा उलगडा न झाल्यासारखं. आणि ती मटकन खुर्चीत बसली.

*

त्या कट्ट्याचं नाव होतं यमकशाळा. शाळेत ज्यांना पुस्तकी किडा म्हणून चिडवलेलं असतं, अशा दीड-दोन हजार माणसांनी मिळून नेटवर मांडलेला संसार होता तो. कोणी बुद्धिबळावर रॅप करी, कोणी कृष्णविवरावर. एका बाईंनी प्रोग्राममधल्या विसरलेल्या अर्धविरामावर असं काही गाणं केलं होतं की ऐकून दगडाला पाझर फुटावा. कट्टा चालवणारा माणूस पेशानं बेकरीवाला. तो यीस्टवर रॅप करायचा. त्याला सगळे मॉनिटर म्हणत.

तिथे तिचं नाव होतं कर्णपिशाच्च. हे नाव तिनं स्वतःच घेतलं होतं, कानाचा धंदा म्हणून. गाणी ती भारदस्त पुरुषी आवाजात टाकायची, यंत्रातून खाली ओढून. पूर्वी दुसरीकडे कुठेतरी स्वतःच्या आवाजात एक गाणं टाकलं होतं, तर लोकांनी आवाजावरच लिहिलं, यमकांवर एक अक्षर नाही. तेव्हापासून पिशाच्च झालेलं बरं, असं तिनं ठरवलं होतं.

आणि तो होता अपूर्णांक. त्याच्या एका गाण्यात होतं की प्रेमाचा आवाज निर्वातातूनही पोचतो. तिनं खाली लिहिलं, 'निर्वातात आवाज पोचत नाही. यमक पास, भौतिकशास्त्र नापास.' त्यावर त्यानं दुसऱ्या दिवशी 'नापास' नावाचं गाणंच केलं आणि ते 'पिशाच्चरावांना' अर्पण केलं. तिथून पुढे दोन वर्षं एकानं टाकायचं, दुसऱ्यानं खोडायचं, असं चाललं होतं. चुका काढता काढता माणूस कधी काळजात जाऊन बसतो, ते कळत नाही. तिला कळलं तेव्हा उशीर झाला होता, कारण तेव्हा तो मेला होता.

म्हणजे, झालं होतं असं. त्याच्या खात्यावर एक दिवस तीन वाक्यं उमटली. 'दादा गेला. आता या खात्यावरून काही येणार नाही. त्याची गाणी ऐकत राहा.'

आता यातून कोणी दुसरं काय समजणार?

सबंध कट्टा हादरला. मॉनिटरनं वर फुलांचं चित्र लावलं. चाळीसेक जणांनी श्रद्धांजलीची गाणी केली. तीही बसली. या वेळी यंत्र लावलं नाही. स्वतःच्या आवाजात, स्त्रीलिंगात, जे दोन वर्षांत बोलली नव्हती ते सगळं बोलून टाकलं. पिशाच्चराव बाई आहेत हा धक्का कट्ट्याला बसला, आणि ती बाई अपूर्णांकावर जीव टाकून होती हा त्याहून मोठा. ते गाणं यमकशाळेच्या बाहेर कुठल्या कुठे गेलं. न ओळखणारी माणसं ते ऐकून रडली.

आणि आता ज्याला ते ऐकवायचं होतं तो समोरच्या रस्त्यावर बसची वाट बघत उभा होता… शर्टाचं बटण चुकलेलं, धडधाकट.

जेवणाच्या सुट्टीत तिनं मॉनिटरला फोन लावला.

"तो जिवंत आहे."

"कोण?"

"अपूर्णांक."

पलीकडे भट्टीचं दार लावल्याचा आवाज आला. मग अगदी हळुवारपणे, "पोरी, तू जेवलीस का?"

"मला वेड लागलेलं नाही! तो आत्ता माझ्यासमोर आगगाडी म्हणाला. घरदार म्हणाला!"

सगळं सांगून होईस्तोवर मॉनिटर मध्ये एकदा 'अरे देवा' आणि दोनदा 'काय सांगतेस' म्हणाला. शेवटी म्हणाला, "मी दोन मिनिटं स्तब्ध उभा राहिलो होतो गं त्याच्यासाठी. गिऱ्हाइकं थांबवून."

"माझं गाणं काढून टाका."

"तुझं आहे, तूच काढू शकतेस. बटण तुझ्याच हातात आहे." तो जरा थांबला. "पण एक विचारू? मेलेल्या माणसाला जे सांगितलंस, ते जिवंत माणसापासून का लपवतेस?"

तिच्याकडे उत्तर होतं, पण ते तिला आवडणारं नव्हतं. मेलेला माणूस 'नाही' म्हणत नाही.

तिनं गाणं काढून टाकलं. सुटल्यासारखं वाटेल अशी तिची अपेक्षा होती. उलट दुपारभर एकेकाचे कान तपासताना तिला सारखं वाटत राहिलं की आपणच कोणाला तरी दुसऱ्यांदा पोचवून आलो.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दवाखाना उघडायच्या आधीच पायरीवर बसला होता. बटणं आज सगळी बरोबर होती, पण डोळे लाल होते.

"मॅडम," तो म्हणाला, "मी मेलोय."

"या आत," ती म्हणाली.

"तुमचं ऐकायला हवं होतं. वाचायला नको होतं. खरंच ताण आला." तो खुर्चीत कोसळला. "काल मी आमचा कट्टा उघडला, तर वर माझं नाव आणि फुलं! मला वाटलं वाढदिवस आहे का माझा. खाली बघतो तर… ज्यांनी माझ्या गाण्याला आयुष्यात कधी 'बरं आहे' म्हटलं नाही, त्यांनी माझ्यावर पंधरा-पंधरा कडवी लिहिलीत. माझं शेवटचं गाणं अकरा जणांनी ऐकलं होतं हो! त्यात तीनदा मीच. त्याच रागात मी कट्टा सोडला. बहिणीला म्हटलं, लिहून टाक मी जातोय म्हणून. आणि आता? मेलेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ना, ती म्हैस मी!"

हसू लपवायला तिनं खाली वाकून खणातून त्याचा आलेख काढला.

"पण ते राहू द्या." त्याचा आवाज खाली आला. "त्यात एका गाण्याची जागा रिकामी आहे. 'हे गाणं काढून टाकलं आहे', एवढंच. आणि त्याच्याखाली दोनशे माणसं रडलीत. ते पिशाच्चरावांचं होतं. माझे… म्हणजे, माझ्या चुका काढायचे ते. मला वाटायचं कोणी जाडजूड, मिशीवाला प्राध्यापक असेल. तर सगळ्यांनी लिहिलंय — 'ती'. आणि ती माझ्यावर…" तो थांबला. कान लाल झाले. "मॅडम, अख्ख्या जगानं ऐकलंय ते. फक्त मी ऐकलेलं नाही. मॉनिटरला विचारलं, तर म्हणतो, जिचं आहे तिला विचार. ती कोण, कुठली, कशी शोधू?"

"शोधून काय करणार?" तिनं आलेखाच्या कागदाकडे बघत विचारलं.

"काय करणार म्हणजे?" तो खरोखरच गोंधळला. "जहाजावर सहा महिने मला कोणाची आठवण आली असेल, सांगा. घरच्यांची आली, ते धरून चाला. पण रात्रपाळीत इंजिनाच्या ठेक्यावर एखादं यमक सुचायचं, आणि पहिला विचार यायचा… पिशाच्चराव यात काय चूक काढतील? मला वाटायचं मला दोस्ताची आठवण येतेय. मी बावळट आहे हो मॅडम. मला माझंच कळलेलं नव्हतं."

खिडकीतून ऊन येत होतं. बाहेर कोणीतरी बादली आपटून पायऱ्या धूत होतं. तिनं एक खोल श्वास घेतला.

"आत बसा," ती म्हणाली. "तपासणी राहिलीय."

तो मुकाट्यानं त्या कपाटात जाऊन बसला, गुडघे भिंतीला टेकवून. शिट्ट्या आधी झाल्या. मग तिनं आवाजाचं बटण खाली आणलं, अगदी खाली, आणि फक्त उजव्या कानाकडे वळवलं.

"आज शब्द नाहीत, ओळी आहेत. कालच्यापेक्षा हळू. ऐकू येईल ते म्हणा."

त्यानं मान हलवली. तिनं तोंडासमोर कार्ड धरलं. या वेळी दोन्ही हातांनी.

"अंशाखाली छेद लागतो."

"अंशाखाली छेद लागतो," तो म्हणाला, शहाण्या विद्यार्थ्यासारखा.

"एवढंच सांगायचं होतं."

"एवढंच सांगायचं होतं." त्याची एक भुवई वर गेली.

"तुझ्या रेघेखाली, वेड्या…"

"तुझ्या रेघेखाली…" तो थांबला.

"मला राहायचं होतं."

त्यानं ही ओळ म्हटली नाही. तो काचेतून तिच्याकडे बघत होता. तिनं कार्ड खाली ठेवलं. आता लपवायला काही उरलं नव्हतं.

"निर्वातात आवाज जात नाही, नापास तुला केलं मी," ती माईकमध्ये कुजबुजली, "आज त्याच पोकळीत, बघ, गाणं माझं नेलं मी."

त्यानं दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर दाबून धरले होते, जणू आतलं काही सांडेल. तिच्या बाजूला फक्त त्याचा श्वास ऐकू येत होता. मग एकच शब्द आला, तोही अर्धामुर्धा.

"पिशाच्च… राव?"

ती हो म्हणाली. म्हणजे ओठ हलले, आवाज फुटला नाही.

तो धडपडत उठला. हेडफोनची वायर आहे हे विसरला, त्या वायरनंच त्याला मागे ओढलं, गुडघा दणकन भिंतीवर आदळला. "आई गं!" तो विव्हळला आणि तसाच लंगडत बाहेर आला. दोन पावलांवर येऊन उभा राहिला. इतके दिवस ज्यांच्या तोंडाला यमकांचा धबधबा होता, ती दोघं आता एकमेकांकडे बघत नुसती उभी.

"कधी कळलं तुम्हाला?" शेवटी त्यानं विचारलं.

"घरदारला."

"काय?"

"काल तुम्ही घरदार म्हणालात तेव्हा."

"आणि तरी तुम्ही मला… वाचू नका म्हणालात? गाणं काढून टाकलंत?" त्याच्या आवाजात राग होता. खरा राग. "रात्रभर मी त्या रिकाम्या जागेकडे बघत बसलो होतो!"

"मग काय करू? तुम्ही मेलेले होतात तोवर सोपं होतं!" तिचाही आवाज चढला. "मेलेल्या माणसाला काहीही सांगता येतं. तो फार तर ऐकत नाही. जिवंत माणूस ऐकतो, आणि मग 'सॉरी हं' म्हणतो. माझ्यासमोर तुम्ही 'सॉरी हं' म्हटलं असतंत तर मी कुठे जायचं होतं?"

त्याचा राग जसा आला तसा ओसरून गेला.

"मी 'सॉरी हं' म्हणणार नाहीये," तो म्हणाला.

तिनं घाईघाईनं आलेख पुढे ओढला. "आधी रिपोर्ट."

"आत्ता?"

"आत्ताच. नाहीतर मला सांगता येणार नाही." तिनं पेन्सिल टेकवली. "डावा चांगला. उजवा कालच्यापेक्षा सुधारलाय, पण पुरता नाही. वरच्या पट्टीतलं थोडं गेलंय, ते बहुतेक परत येणार नाही. पुढचे तीन महिने इंजिनाच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. कंपनीला मी तसं लिहून देणार."

तो कागदाकडे बघत राहिला. हे त्याला अपेक्षित नव्हतं. "वरच्या पट्टीतलं म्हणजे… झांजा वगैरे?"

"हं."

"म्हणून शेवटच्या गाण्यात मी त्या वाढवल्या होत्या. मला येतच नव्हत्या ऐकू." तो हळूहळू म्हणाला. "टोचत होत्या का?"

"कानात सुया घातल्यासारख्या."

"मग कोणी बोललं का नाही मला?"

"मी लिहिलं होतं. पाठवणार, तेवढ्यात तुम्ही वारलात."

यावर त्याला हसू फुटलं. आधी नाकातून, मग पोटातून. तीही हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी कधी यायला लागलं ते तिला समजलंच नाही. त्यानं खिशात रुमाल शोधला, सापडला नाही, मग शर्टाची बाही पुढे केली. तिनं नको म्हटलं नाही.

"तपासणीत शेवटच्या ओळी मी म्हटल्या नाहीत," तो म्हणाला. "त्यांचे गुण गेले का?"

"त्या धरल्या नाहीत."

"मग माझ्या धरा." त्यानं बोटांनी टेबलावर ठेका धरला, जरा चुकत, जरा अडखळत. "छेदाशिवाय अंश म्हणजे एकटा आकडा उभा… आता खाली कोणी आहे, आता… आता रेघेला शोभा."

ती नाक पुसत म्हणाली, "घाईत केलंय. पण पास."

"भौतिकशास्त्र?"

"ते पुढच्या परीक्षेला."

इतक्यात दार ढकलून एक मुलगी आत आली, हातात हेल्मेट, खांद्यावर कॉलेजची पिशवी. "दादा, झालं का रे? मला उशीर होतोय."

"ये. हीच ती," तो म्हणाला. "माझी बहीण. हिनंच मारलं मला."

"परत सुरू झालं याचं!" बहीण कळवळून म्हणाली. "ताई, तुम्हीच सांगा. हा म्हणाला लिही, मी लिहिलं. परीक्षा होती माझी दुसऱ्या दिवशी. गेला म्हणजे गेला! 'वारला' असं लिहिलं होतं का मी?"

"आणि 'त्याची गाणी ऐकत राहा' कशाला लिहिलंस?"

"चार लोक ऐकतील म्हणून. आणि ऐकली की नाही?"

बहिणीनं मग तिच्याकडे नीट बघितलं, रडलेले डोळे, हसरं तोंड, बाहीला धरलेला हात. "ह्या कोण?"

"ह्या… माझ्यावर ते गाणं केलं ना, त्या."

"कुठलं गाणं?"

"काढून टाकलंय ते. अंशाखाली छेद लागतो, असं काहीतरी —"

हेल्मेट खाली पडलं. गडगडत टेबलाखाली गेलं. "ते तुझ्यावर आहे?" बहीण किंचाळली. "आमच्या अख्ख्या वर्गाकडे आहे ते! मी त्यावर रडलेय, दादा! कोण बिचारा मेला असेल म्हणून दोनदा रडलेय मी!"

बहिणीच्या मोबाइलवरच होतं ते. तो जागा होता तेव्हा शेजारच्या खोलीत, रात्रभर, तिच्या उशाशी. तिनं लगेच लावलं, मोठ्यानं.

"आवाज कमी," काचेजवळून हळूच सूचना आली. "त्यांचा कान."

तो उभ्यानंच ऐकत राहिला. सगळं, पहिल्या श्वासापासून. मध्ये एकदा त्यानं डोळे मिटले. गाणं संपलं. त्याचा हात टेबलावरून सरकत आला आणि तिच्या बोटांपाशी येऊन थांबला, परवानगी मागितल्यासारखा. तिनं दिली.

*

संध्याकाळी यमकशाळेच्या बोलायच्या खोलीत मॉनिटरनं सगळ्यांना बोलावलं. महत्त्वाचं आहे, एवढंच सांगितलं होतं. तो आणि ती त्याच्या घरच्या बैठकीत एका मोबाइलसमोर खांद्याला खांदा लावून बसले होते. बहीण चहा घेऊन दाराशी.

"नमस्कार," तो म्हणाला. "मी अपूर्णांक."

कोणीतरी भीतीनं खोलीच सोडून गेलं. कोणी लिहिलं, 'ही चेष्टा करायची गोष्ट आहे का?' मग दोन वर्षं ऐकलेला तो 'र' हळूहळू सगळ्यांना ओळखू आला, आणि एकच गलका झाला. हसणं, शिव्या, कोणी नुसतं 'काय? काय? काय?' असं लिहीत सुटलेलं. बुद्धिबळवाल्यानं विचारलं, मग माझी पंधरा कडवी परत मिळतील का?

गलका ओसरल्यावर अर्धविरामवाल्या बाई बोलल्या. "माझं ऑपरेशन झालं त्या आठवड्यात तू गेलास. मी तुझी गाणी ऐकत पडून होते. खूप रडले रे. मला आनंद झालाय, पण रागही आलाय. दोन्ही एकदम."

त्याला यावर यमक सुचलं नाही. तो म्हणाला, "अकरा जणांनी ऐकलं म्हणून रुसून गेलो होतो मी. त्या अकरांत तुम्ही होतात, हे बघितलंच नाही. चुकलं माझं."

मग मॉनिटरनं घसा खाकरला, "पिशाच्च आहे का तिथे?"

"आहे," ती म्हणाली, तिच्या स्वतःच्या आवाजात. आणि खोलीत पुन्हा गलका सुरू झाला, पण या वेळचा वेगळा होता. दाराशी कपबशी वाजली.

नंतर तो तिला बसथांब्यापर्यंत सोडायला आला. वारा सुटला होता. दुकानांच्या ताडपत्र्या फडफडत होत्या. मध्येच तो थांबला आणि वळसा घालून तिच्या दुसऱ्या बाजूला आला, डावा कान तिच्याकडे करून.

"तीन महिन्यांनी जहाज परत बोलावेल," तो म्हणाला. "मला ते काम आवडतं. तुला आधीच सांगून ठेवतो." त्यानं तिला 'तू' म्हटल्याचं दोघांच्याही लक्षात आलं. दोघांनीही न आल्यासारखं दाखवलं.

"जा ना," ती म्हणाली. "कानात बोळे घालून जा. मी देईन, तुझ्या मापाचे."

"आणि तू?"

"मी इथे कान तपासत बसेन. तू बंदराला लागलास की फोन करायचा. बहिणीला नाही सांगायचं करायला, स्वतः करायचा."

"कोणाला करू?"

ती थांबली. बस लांबून येताना दिसत होती. दोन वर्षं यंत्रामागून, मग एकदा त्याच्या फुलांच्या चित्राखाली, मग आज सकाळी कार्डामागून… एवढं सगळं बोलून झालं होतं, तरी हे साधं वाक्य जड जात होतं.

"मला," ती म्हणाली. "माझं प्रेम आहे तुझ्यावर. म्हणून मला."

तो तिच्याकडे बघत राहिला. या माणसाला आज दिवसभर धक्क्यांमागून धक्के बसले होते, पण असा एकही नव्हता. बस आली, थांबली, दार उघडलं. कंडक्टरनं दोघांकडे बघितलं, मान हलवली आणि घंटी दिली.

"अगं, बस गेली," तो म्हणाला.

"दुसरी येईल," ती म्हणाली.